सुगीचं गाव : ओबीतले तीन दिवस

ओबीच्या स्टेशनवर उतरले आणि लागोपाठ सात शिंका आल्या. सात हा आकडा बाबांचा. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून चौतीस वर्षं काढलेला माणूस, समोर आलेली गोष्ट मोजल्याशिवाय सोडत नाही.

बाबा दोन महिन्यांसाठी सावंतवाडीहून आमच्याकडे फुकुओकाला आले होते. क्योतो, हिमेजी, हिरोशिमा ही सगळ्यांची यात्रा आटोपली. हिमेजीचा किल्ला बघून परत येताना ते म्हणाले, "हे सगळं मोठ्यांचं झालं. आपल्या सावंतवाडीसारखी छोटी संस्थानं नव्हती का गं ह्यांच्याकडे?"

होती की. तोकुगावा शोगुनांच्या, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राज्यकर्त्यांच्या, अमलात अडीचशेवर होती. त्यांना हान म्हणतात आणि त्यांच्या धन्याला दाइम्यो. त्यातलं क्युशूच्या आग्नेय टोकाजवळचं, मियाझाकीच्या खाली असलेलं ओबी मी निवडलं. अनिकेतला सुट्टी नव्हती, त्यामुळे आम्ही दोघंच. मार्चचा पहिला आठवडा, शनिवार ते सोमवार.

मार्च ही माझी चूक. ओबीची सगळी दौलत एका झाडावर उभी राहिली, त्याचं नाव सुगी. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये याच सुगीचे परागकण हवेत सुटतात आणि जपानभर माणसं मास्क लावून, डोळे पुसत फिरतात. मला इथे आल्याच्या तिसऱ्या वर्षी ही ॲलर्जी जडली. बाबांना काही नाही.

"सुगीमुळे होतंय," मी नाक पुसत म्हटलं.

"मार्चात कसली सुगी? सुगी म्हणजे कापणीचे दिवस."

"इथे सुगी म्हणजे झाड, बाबा. देवदारासारखं."

"बरं नाव आहे," ते म्हणाले, आणि वही काढली.

शनिवार

मियाझाकीहून ओबीला साध्या गाडीने सव्वा तास लागतो. आम्ही 'उमिसाची यामासाची' नावाची दोन डब्यांची पर्यटक गाडी पकडली. तिला बाहेरूनसुद्धा ओबीच्या सुगीच्या फळ्या लावल्या आहेत. ही मुख्यतः शनिवार-रविवारी धावते, आरक्षण आधी करावं लागतं, आणि समुद्राच्या बाजूच्या खिडक्या लवकर संपतात.

स्टेशनपासून गाव पंधरा मिनिटांच्या चालीवर. साकातानी नदी गावाला तीन बाजूंनी वेढून जाते. पूल ओलांडला की समोर सरळ रस्ता, दोन्हीकडे दगडी जोती, त्यावर चहाच्या झुडपांची कुंपणं, आत सामुराईंची जुनी घरं. रस्त्यांची आखणी जवळजवळ एदो काळातलीच, म्हणजे शोगुनांच्या अमलातली. १९७७ साली सरकारने जपलेल्या जुन्या वस्त्यांच्या यादीत घेतलेलं हे क्युशूतलं पहिलं गाव. गंमत म्हणजे एका रस्त्याच्या कडेच्या दगडी पाटात चांगले हातभर लांबीचे रंगीत कोइ मासे पोहत होते. बाबा उकिडवे बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. "गटारात मासे," एवढंच म्हणाले. त्या पाण्यात त्यांना तळाचे खडे दिसत होते.

गावात खाऊची कुपनं लावलेला एक नकाशा विकत मिळतो. दुकानादुकानात कुपन फाडून द्यायचं आणि तिथला पदार्थ घ्यायचा. आम्ही पहिलं कुपन ओबी-तेनवर उडवलं. किनाऱ्यावरच्या मासळीचा लगदा, त्यात तोफू, मिसो आणि काळी साखर, आणि मग तळण. काउंटरमागच्या बाईने गरमागरम हातात दिलं.

"माशात गूळ?" मालवणी माणसाच्या आवाजात जेवढा धक्का मावेल तेवढा होता. तिसऱ्या घासाला म्हणाले, "आणखी दोन घे."

दुकानाच्या बाकावर हिशेब सुरू झाला. संस्थान केवढं? दाइम्योंची पत कोकुत मोजायचे. एक कोकु म्हणजे साधारण १८० लिटर तांदूळ, वजनात दीडशे किलोच्या आसपास, म्हणजे एका माणसाचं वर्षभराचं पोट. दाइम्यो म्हणवून घ्यायला किमान १०,००० कोकु लागत. ओबीच्या इतो घराण्याची नोंद ५१,०८० कोकुची.

"प्रत्यक्ष पीक की आकारणी?"

"आकारणी."

"मग तसं सांग. पीक वेगळं, आकारणी वेगळी." त्यांनी कागदी रुमालावर गुणाकार केला. "शहात्तर हजार क्विंटल आणि वर थोडे. वाईट नाही. आणि शेजारी कोण?"

शेजारी सात्सुमा. शिमाझू घराणं. सात लाख सत्तर हजार कोकु.

बाबांनी चष्मा काढून पुसला. "पंधरा पट! अशा शेजाऱ्याला बांध लागलेला असताना हे टिकले किती वर्षं?"

१५८७ पासून १८७१ पर्यंत. एकच घराणं, चौदा पिढ्या, त्याच गादीवर. शोगुनांनी इतरांच्या बदल्या केल्या, जप्त्या आणल्या. हे हलले नाहीत. बाबांनी पुढे तीन दिवस धरून ठेवलेला प्रश्न हाच : कसे टिकले?

संध्याकाळी किल्ल्याजवळ शिहानमातो खेळून बघितलं. हे इथलं बसून खेळायचं तिरंदाजीचं प्रकरण. 'शि' म्हणजे चार, 'हान' म्हणजे अर्धा, 'मातो' म्हणजे निशाण. लक्ष्य साडेचार केन दूर (सव्वाआठ मीटर धरा), धनुष्य आणि बाण साडेचार शाकु लांब, निशाण साडेचार सुनचं, म्हणजे तळहाताहून थोडंच मोठं. शिमाझूंशी लढाई चालू असताना शेतकऱ्यांनी हे छोटं धनुष्य उचललं आणि पुढे दाइम्योने त्यांना ते खेळायची मुभा दिली, अशी कथा सांगतात. गावकरी हे शोचू (इथली दारू) पीत पीत खेळतात. आम्ही कोरडेच खेळलो. शिकवणारे आजोबा माझ्या कोपराला एका बोटाने आधार देत होते, आणि नेमकी बाण सोडताना मला शिंक आली. बाण छपराच्या वाशात. आजोबांनी तो स्टूल लावून काढला, मान लववली आणि म्हणाले, "सुगी?" मी मान डोलावली. त्यांनी खिशातून स्वतःचा मास्क काढून दाखवला.

बाबांचे दहातले दोन लागले. "साडेचाराचं प्रमाण," ते म्हणाले, "लक्षात ठेवायला सोपं. मोजणीदाराने ठरवलंय."

*जाणाऱ्यांसाठी :* ओबीत संध्याकाळी खायची दुकानं लवकर बंद होतात. मुक्काम करणार असाल तर जेवण जिथे राहाल तिथेच सांगून ठेवा. किल्ल्याच्या आवारातली संग्रहालयं, जुनी घरं आणि कोमुरा स्मारक यांचं एकत्र तिकीट मिळतं, तेच घ्या. रोकड जवळ असू द्या.

रविवार

सकाळी किल्ला. त्याचा दरवाजा, ओतेमोन, १९७८ साली पुन्हा बांधलेला. लाकूड शंभर वर्षांच्या ओबी-सुगीचं. बाबांनी खांबाला मिठी मारून घेर मोजला आणि आपल्या वितीत लिहून ठेवला. आत किल्ला म्हणून उंच मनोरा वगैरे काही नाही. दगडी भिंती, वळत जाणाऱ्या पायऱ्या, आणि चक्क एक प्राथमिक शाळा. रविवार असूनही मैदानात मुलं बेसबॉल खेळत होती. आम्हाला बघून सगळ्यांनी टोप्या काढून नमस्कार ठोकला.

जुन्या होनमारूत, म्हणजे बालेकिल्ल्याच्या जागी, आता उंच सुगींचं रान आहे आणि खाली शेवाळाचा हिरवा गालिचा. ऊन वरून काठ्यांसारखं उतरत होतं. एवढी सुंदर जागा आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. समोरून येणाऱ्या एका जोडप्याला वाटलं मी भारावून रडतेय. त्यांनी अदबीने वाट वाकडी केली.

इथे बसून बाबांना लढाईची गोष्ट सांगितली. इतो आणि शिमाझू या किल्ल्यासाठी १४८४ पासून भांडले. १५६८ साली इतो योशिसुकेने तो घेतला. चौऱ्याऐंशी वर्षं लागली. आणि चारच वर्षांनी, १५७२ मध्ये, किझाकीबारूच्या लढाईत इतोंच्या मोठ्या फौजेची शिमाझूंच्या मूठभर माणसांनी दाणादाण उडवली. मग घसरण. १५७७-७८ च्या हिवाळ्यात योशिसुके बायकामुलं घेऊन, डोंगर तुडवत, उत्तरेला बुंगोच्या ओतोमो घराण्याकडे आश्रयाला गेला. सगळं संपलं.

त्याचा मुलगा सुकेताका देशोधडीला लागून अखेर, सगळा जपान एका छत्राखाली आणणाऱ्या हिदेयोशीच्या चाकरीत शिरला. १५८७ मध्ये हिदेयोशी शिमाझूंना नमवायला क्युशूवर उतरला, तेव्हा सुकेताका त्याच्याबरोबर होता. बक्षिसी म्हणून ओबी परत मिळालं. कागदावर. किल्ल्यातला शिमाझूंचा सरदार हलेचना, ताबा मिळायला पुढचं साल उजाडलं.

"कागद हातात आणि ताबा दुसऱ्याकडे," बाबा म्हणाले. "हे मला समजावून सांगू नकोस."

मला मात्र इनाझु शिगेमासाची गोष्ट जास्त टोचते. १६०० साली सेकिगाहाराच्या निर्णायक लढाईच्या वेळी सुकेताका ओसाकात आजारी पडलेला, वारस पोरसवदा. घरचा कारभारी सरदार इनाझु याने पुढे शोगुन झालेल्या तोकुगावा इयेयासूच्या बाजूने उडी घेतली आणि विरुद्ध पक्षातल्या ताकाहाशींचा मियाझाकीचा किल्ला मारला. मोठा पराक्रम. फक्त ताकाहाशींनी तोवर तिकडे बाजू बदलली होती. म्हणजे इनाझुने आपल्याच पक्षाचा किल्ला घेतला होता! किल्ला परत करावा लागला. १६०२ मध्ये इनाझुचा बळी गेला, तोही त्याच्याच धन्याकडून. संस्थान मात्र वाचलं.

बाबा बराच वेळ शेवाळाकडे बघत राहिले. "तार पोचायला उशीर झाला की असं होतं," म्हणाले. त्या काळी तार कुठली, हे मी बोलले नाही.

खाली उतरून योशोकानची बाग बघितली. १८६९ मध्ये इतो घराणं किल्ला सोडून इथे राहायला आलं. बाग छान आहे, पण माझा जीव शिंतोकुदोत अडकला होता. ही संस्थानची शाळा, १८३१ मध्ये तेराव्या दाइम्योने उभी केली. यासुइ सोशू आणि त्याचा मुलगा सोक्केन इथे शिकवायचे. सोक्केन पुढे एदोत (आजच्या तोक्योत) शोगुनाच्या विद्यापीठात गुरू झाला. पन्नास हजार कोकुच्या मानाने ही उडी मोठीच. खोल्या मात्र साध्या, चटया आणि कोऱ्या भिंती. दारात चपला काढताना बाबांनी आपल्या आपण सरळ रेषेत लावल्या.

याच शाळेतला मुलगा कोमुरा जुतारो, जन्म १८५५. हार्वर्डला शिकला, परराष्ट्रमंत्री झाला, १९०२ चा इंग्लंडशी करार आणि १९०५ चा रशियाशी झालेला पोर्ट्समथचा तह त्याचे. तहात नुकसानभरपाईचा पैसा मिळाला नाही म्हणून तोक्योत हिबियाला जाळपोळ झाली. स्मारकात हे सगळं नीट मांडलंय, आणि गाव त्याला अजून आपला पोरगा मानतं.

पण कोमुराला बाहेर शिकायला पाठवण्यामागे जो माणूस होता, त्याच्याकडे फारसं कोणी वळून बघत नाही. ओगुरा शोहेइ. ओबीचाच सामुराई, इंग्लंडमध्ये शिकून आलेला. १८७४ मध्ये सागाचं बंड फसून एतो शिंपेइ जीव वाचवत इथे आला, तेव्हा त्याला निसटायला ओगुराने मदत केली आणि त्याची शिक्षा भोगली. १८७७ मध्ये सायगो ताकामोरीने सात्सुमातून सरकारविरुद्ध शस्त्र उचललं. ओगुरा ओबीची तुकडी घेऊन त्याच्या बाजूने लढला. ऑगस्टमध्ये जखमी अवस्थेत त्याने पोट फाडून घेतलं. त्याला 'ओबीचा सायगो' म्हणतात.

"सात्सुमाच्या बाजूने?" बाबा थांबले. "ज्यांच्याशी चौऱ्याऐंशी वर्षं भांडले त्यांच्या बाजूने?"

हो. ज्या घराण्याच्या भीतीने ओबीने तीनशे वर्षं डोळ्यात तेल घालून राखण केली, त्याच्याच झेंड्याखाली शेवटचे सामुराई मेले. संस्थान १८७१ लाच बुडालं होतं, राखायला काही उरलं नव्हतं. मला याची संगती लागत नाही.

दुपारी पावसाने गाठलं आणि आमचा मोठा बेत बुडाला. बेत होता उशिनोतोगेचा. बैलाची खिंड! ओबी आणि सात्सुमाच्या हद्दीवरचा डोंगर. ही हद्द कुठून जाते यावर १६२७ मध्ये वाद लागला आणि प्रकरण शेवटी शोगुनाकडे एदोला गेलं. निकाल १६७५ मध्ये, ओबीच्या बाजूने. पंधरा पट मोठ्या शेजाऱ्याविरुद्ध! प्रवास ठरवताना मी हे बाबांना सांगितलं होतं आणि तेव्हापासून त्यांना क्योतोची सोन्याची देवळं वगैरे फिकी वाटायला लागली होती.

टॅक्सीवाल्याने आकाशाकडे बघितलं, बाबांच्या बुटांकडे बघितलं, आणि हाताने फुली केली. वरचा रस्ता पावसात नको.

"अठ्ठेचाळीस वर्षं," बाबा छपराखाली उभे राहून म्हणाले. "आमच्याकडे एकाने बांध कोरला की दोन पिढ्या जातात. इथे मोजणीदार जिंकला बघ. कोणाच्या कारकिर्दीत?"

पाचवा दाइम्यो, इतो सुकेझाने. १६६१ पासून पन्नासावर वर्षं गादीवर. गादीवर आल्याच्या दुसऱ्याच वर्षी १६६२ चा मोठा भूकंप झाला, किनाऱ्याची जमीन समुद्रात गेली. नंतरच्या धक्क्यांनी किल्ल्याच्या बालेकिल्ल्याला भेगा पडल्या, तो नव्याने बांधून १६९३ मध्ये पुरा झाला. एक वर्षाआड एदोला लवाजमा घेऊन जायचा खर्च होताच.

बाबांनी वहीत नाव उतरवून घेतलं. तिथून पुढे तो आमचा माणूस झाला.

रात्रीच्या जेवणात अत्सुयाकी तामागो आलं. अंडी, साखर, मिरिन, आणि खाली-वर कोळसे ठेवून तासभर मंद आचेवर. हे पूर्वी दाइम्योच्या ताटात असायचं. चमच्याने कापलं की थरथरतं, आत एकही छिद्र नाही. बाबांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "खरवस." दुसरा शब्द नाही.

घरमालक आजोबा चहा घेऊन आले. कुठचे तुम्ही? भारत. भारतात कुठे? बाबांना सावंतवाडी समजावून सांगणं अवघड गेलं, म्हणून ते म्हणाले, गोव्याच्या शेजारी.

"गोवा!" आजोबांनी ट्रे खाली ठेवला. "मान्शो-सामा!"

मग उलगडलं. इतो मान्शो हा परागंदा झालेल्या योशिसुकेच्या मुलीचा मुलगा, म्हणजे ओबीच्या पहिल्या दाइम्योचा भाचा. आजोळची दौलत बुडाल्यावर तो ख्रिस्ती झाला. १५८२ मध्ये जेझुइट पाद्र्यांनी चार जपानी मुलं युरोपला नेली, त्यांचा म्होरक्या हा, वय तेरा-चौदा. वाटेत १५८३ मध्ये ते गोव्याला उतरले. लिस्बन, स्पेनचा राजा, रोममध्ये पोप, सगळं करून १५८७ च्या मेमध्ये पुन्हा गोव्यात. त्यांच्यातल्या हारा मार्तिनोने तिथे लॅटिनमध्ये भाषण केलं आणि ते गोव्याच्याच छापखान्यात १५८८ मध्ये छापलं गेलं.

म्हणजे ज्या वर्षी मामाला ओबीचा कागद मिळाला, त्या वर्षी भाचा जुन्या गोव्यात पावसाळा काढत होता. आणि त्याच उन्हाळ्यात हिदेयोशीने पाद्र्यांना देशाबाहेर काढायचा हुकूम सोडला. ही बातमी त्या मुलांना तेव्हा ठाऊक असणं शक्य नव्हतं.

बाबा शाळेच्या सहलीत जुन्या गोव्याला गेले होते, बहुधा पाचवीत. त्यांनी आजोबांना हातवारे करून चर्चची उंची सांगितली. आजोबांनी ती मनापासून ऐकली. मी भाषांतर करायचं सोडून दिलं, त्यांचं चाललं होतं बरं.

सोमवार

पाऊस गेला, हवा धुतली, आणि दीड दिवसात पहिल्यांदा मला नाकाने श्वास घेता आला. सकाळच्या गाडीने दोन स्टेशनं पुढे आबुरात्सुला उतरलो. स्टेशनची इमारत लालभडक, कारण हिरोशिमाचा बेसबॉल संघ वर्षानुवर्षं फेब्रुवारीत इथे सरावाला येतो. बाबांना आधी वाटलं पोस्ट ऑफिस आहे.

आबुरात्सुला यायचं ते होरिकावा कालव्यासाठी. बाबांच्या 'कसे टिकले?' चं उत्तर मला तरी इथे दिसलं. ओबीत सपाट शेतजमीन थोडी, पाऊस भरपूर आणि डोंगरच डोंगर. भातावर संस्थान चालेना म्हणून सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून डोंगरांवर सुगी लावायला लागले. फांद्या खोवून, आणि विरळ, म्हणजे झाड भराभर जाड होतं. या लाकडात राळ जास्त. ते हलकं, पाण्यात तरंगणारं, वाकवलं तरी न मोडणारं, म्हणून होड्यांच्या फळ्यांना पश्चिम जपानभर मागणी. होडीसाठी तासलेल्या या लाकडाला बेन्को म्हणत.

आणि लावायचं कोणी? रयतेने, संस्थानच्या डोंगरावर. झाड विकलं की वाटा. आधी निम्मे-निम्मे.

"अर्धेली!" बाबा ओरडलेच.

अर्धेली. पुढे लावणाऱ्याला दोन भाग आणि संस्थानाला एक, इथवर आलं. झाड विकण्याजोगं व्हायला कैक दशकं. म्हणजे आज फांदी खोवणाऱ्याला ठाऊक की सुगी पुढच्या पिढीची. (हा शब्द आता मी कुठल्या अर्थाने वापरतेय ते माझं मलाच कळेनासं झालंय.)

अडचण वाहतुकीची. तराफे हिरोतो नदीने खाली यायचे, पण नदीच्या मुखापासून बंदरापर्यंत खवळलेला समुद्र. म्हणून नदीपासून थेट बंदरात कालवा खोदायचा ठरला. १६८३ मध्ये काम सुरू, अठ्ठावीस महिन्यांनी, १६८६ मध्ये पुरं. मध्ये खडक. दाइम्यो कोण?

"सुकेझाने," बाबा म्हणाले. मी विचारायच्या आधीच.

किल्ला तडकलेला, तिजोरी रिकामी, आणि हा माणूस खडक फोडून कालवा काढतोय. आज तिथे पाणी शांत आहे, दोन्ही काठ दगडांनी बांधलेले, वर १९०३ मधला कमानीचा दगडी पूल. काठावर एक मांजर ऊन खात पडलं होतं. बाबांनी पुलाची कमान खालून बघायला पायऱ्या उतरून पाण्यात हात घातला, आणि चव घेतली. "खारं." समुद्र इथवर येतो.

दुपारी बंदराजवळ कात्सुओ, म्हणजे आपला कुपा. चकत्या दोन तऱ्हेच्या मसाल्यात मुरवलेल्या आणि टेबलावर पेटती छोटी शेगडी. आधी चकत्या कच्च्याच, भातावर घालून खायच्या, मग शेगडीवर भाजून, शेवटी उरल्या भातावर गरम चहा ओतून. बाबांनी कच्च्याला हात लावला नाही. सगळ्या भाजल्या, पार खरपूस. वाढणाऱ्या बाईंनी कोळसे वाढवून दिले. चहा भातावर ओतण्याची कल्पना मात्र त्यांनी सरळ फेटाळली आणि तो पेल्यात प्यायले.

इथून बसने उदो जिंगू. इथे मी शनिवार-रविवारचं वेळापत्रक सोमवारी वाचलं आणि बस डोळ्यांदेखत गेली. पुढची यायला सव्वा तास. थांब्यावर हातगाडी लावून बसलेल्या बाईंनी आम्हाला ह्युगानात्सु कापून दिलं. ह्या लिंबवर्गी फळाची फक्त पिवळी साल सोलायची, आतला पांढरा जाड भाग ठेवायचा आणि त्याच्यासकट खायचं. आम्ही तो टाकायला निघालो तर त्यांनी हात धरला. तो भाग गोड असतो!

*जाणाऱ्यांसाठी :* किनाऱ्याच्या बस मोजक्या आहेत. वार तपासा, मग वेळ. उदोच्या थांब्यापासून चढ-उतार बराच, गुडघे दुखत असतील तर टॅक्सी करा.

उदोचं देऊळ समुद्राच्या कड्यातल्या गुहेत. देवदर्शनाला पायऱ्या चढून जायची सवय, इथे उतरून जायचं. गुहेत लाल रंगाचं देऊळ, छतातून पाणी ठिबकतंय. कड्याखाली कासवासारखा एक खडक, त्याच्या पाठीवर दोराने घेरलेला खळगा. त्यात मातीच्या गोळ्या टाकायच्या, पुरुषांनी डाव्या हाताने, बायकांनी उजव्या. पाच गोळ्यांतली एक जरी पडली तरी मनातलं होतं. पूर्वी लोक नाणी टाकायचे आणि पोरं ती वेचायला जायची, म्हणून १९५४ पासून मातीच्या गोळ्या आल्या. त्या करणारी इथल्याच शाळेतली पोरं.

माझ्या पाचही समुद्रात. बाबांची चौथी खळग्याच्या काठावर आपटली, क्षणभर थांबली आणि आत गेली. शेजारी उभ्या सहलीच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

"काय मागितलंत?"

"सांगायचं नसतं."

निघताना फलक वाचला. आताचं मुख्य देऊळ १७११ मध्ये नव्याने बांधलेलं. बांधणारा इतो सुकेझाने. बाबा फलकासमोर थांबले, चपला काढल्या, आणि रीतसर हात जोडले. देवासमोर एवढा वेळ थांबले नव्हते.

फुकुओकाला परतल्यावर दोन दिवसांनी त्यांची वही टेबलावर उघडी पडली होती. पानभर नकाशा. वर उत्तरेचा बाण, खाली 'प्रमाणात नाही' असा प्रामाणिक शेरा. साकातानीचं वळण, किल्ला, शाळा, कालवा ठिपक्यांनी. पश्चिमेला लाल शाईची जाड रेघ, तिच्यावर एका जागी छोटा बैल काढलेला. बैल बरा जमला नव्हता, कुत्र्यासारखा दिसत होता. खाली कोपऱ्यात, जिथे मोजणीच्या नकाशावर शेरा आणि सही असते, तिथे त्यांच्या त्या ओळखीच्या अक्षरात : 'ओबी वि. सात्सुमा. हद्द कायम. १६७५.'

सही केलेली नव्हती. मी विचारलं तर म्हणाले, "जागेवर गेलो नाही ना. सही कशी करू?"